अपील ऐकणारा न्यायाधीश आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



समितीने मला विषय विचारला तेव्हा मी "अपील ऐकणारा न्यायाधीश" असं सांगितलं. दोघा-तिघांना हसू आलं. म्हणाले, काका, वर्धापनदिनाला हा कसला विषय? तुम्ही काही वकील नाही. खरं आहे. मी गिरणी कामगार. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही शिकलो ते रात्रपाळी सुटल्यावर वाचनालयात आणि कार्यकर्त्यांच्या संगतीत शिकलो. पण या विषयाशी माझ्या घराचा संबंध आहे. म्हणून आधी घरचीच गोष्ट सांगतो.

आमचं घर मुळात गिरणगावातलं. दहा बाय बाराची भाड्याची खोली, सामाईक नळ. वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पगार बंद, मग भाडंही थकलं. घरमालकाने खोली खाली करून मागण्यासाठी दावा लावला. वडिलांनी मिळेल ते काम करून, आईचे डोरले विकून थकलेलं भाडं बरंचसं भरलं, पावत्याही घेतल्या. तरी निकाल विरुद्ध गेला. निकालाचा कागद घरी आला त्या रात्री वडील एवढंच म्हणाले, "साहेबांनी लिहिलंय, आता काय बोलायचं." शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, अपील करा. वडील म्हणाले, अपील हे मोठ्या लोकांचं काम. तीस दिवसांची मुदत होती. ते तीस दिवस आम्ही खोली शोधण्यात घालवले. अशा रीतीने आम्ही दिव्याला आलो. तेव्हा इथे स्टेशनच्या बाहेर चिखल होता आणि पाणी विहिरीवरून आणावं लागे.

पुढे बऱ्याच वर्षांनी, मला थोडं वाचता-समजता यायला लागल्यावर, आईच्या पत्र्याच्या पेटीतला तो निकाल मी काढून वाचला. चार-पाच वेळा वाचला. आमच्या भाड्याच्या पावत्यांबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पावत्या खोट्या आहेत असं नाही, उशिरा भरल्या असंही नाही. उल्लेखच नाही. अपिलात आम्ही जिंकलोच असतो असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अपील ऐकणाऱ्याला त्या पावत्यांबद्दल काहीतरी लिहावंच लागलं असतं. ते लिहिणं हेच त्याचं काम असतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. त्या न माहीत असण्याची किंमत म्हणजे आमची खोली. म्हणून हा विषय.

आता अपील म्हणजे काय ते आपल्या भाषेत सांगतो. गिरणीत कापड साच्यावर विणलं जातं. पण ते थेट बाजारात जात नाही. आधी घडी खात्यात जातं. तिथे माणूस उजेडात कापड पसरून बघतो. धागा तुटलाय का, डाग आहे का, वीण सुटली आहे का. तो स्वतः विणत नाही. साच्यापाशी काय झालं ते त्याने पाहिलेलं नसतं. त्याच्या हातात फक्त कापड असतं. दोष असेल तर तो नेमका कुठे आहे हे त्याने दाखवायला हवं. आणि दोष नसेल तर मला रंग आवडला नाही म्हणून चांगलं कापड फाडण्याचा त्याला अधिकार नाही.

अपिलाचा न्यायाधीश असाच. पहिल्या कोर्टाचा न्यायाधीश साक्षीदाराला समोर बघतो. तो कुठे अडखळला, कुठे घाम पुसला, हे त्याला दिसतं. अपिलाच्या न्यायाधीशापुढे बहुधा फक्त दप्तर येतं. साक्षीचे कागद, पुरावे आणि खालचा निकाल. त्यामुळे त्याच्यावर दोन जबाबदाऱ्या येतात. एक, साक्षीदार समोर बघणाऱ्याच्या मताला त्याने मान द्यावा, उगाच फिरवू नये. दुसरी, मान द्यायचा म्हणून डोळे झाकून सही करू नये. दिवाणी कायद्यात तर स्पष्ट सांगितलं आहे की, अपिलाच्या निकालात ठरवायचे मुद्दे कोणते, त्यावर निर्णय काय, त्याची कारणं काय, आणि खालचा निकाल फिरवला असेल तर अपील करणाऱ्याला काय मिळणार, हे सगळं लिहिलं पाहिजे. कारणं लिहिणं हा उपकार नाही, ते कर्तव्य आहे. हरलेल्या माणसालासुद्धा आपण का हरलो हे कळण्याचा हक्क आहे.

यात पायऱ्याही आहेत. दिवाणी दाव्यात पहिल्या अपिलात काय घडलं आणि कायदा काय, दोन्ही तपासता येतं. दुसरं अपील उच्च न्यायालयात जातं, पण तिथे आता फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच ऐकतात. म्हणजे साक्षीपुराव्याची खरी झडती पहिल्या अपिलातच होते. आमच्या वस्तीतले काही लोक म्हणतात, "बघू, हायकोर्टात जाऊ." अहो, मधली पायरी गाळून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही. खालीच नीट पाय रोवावा लागतो.

बंधू-भगिनींनो, आता मी तुम्हाला आपल्या ठाण्याची एक गोष्ट सांगतो. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या लहान मुलांनाही माहीत आहे. आपल्या दिवा स्टेशनातून कोकणात गाडी जाते. वीरला उतरून पुढे महाडला जाणारे आपल्यातले अनेकजण आहेत. पण तळ्याचा जो दावा चालला, त्याचं पहिलं अपील ठाण्याच्या न्यायालयात चाललं, हे किती जणांना माहीत आहे? आपण कोर्टनाक्यावरून शंभर वेळा जातो, आपल्या मनात हे येत नाही.

प्रसंग असा. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन पाणी घेतलं. त्यानंतर आपल्या लोकांना मारहाण झाली. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. बाबासाहेबांनी २५ डिसेंबरला पुन्हा सत्याग्रह जाहीर केला. तेव्हा महाडच्या काही सवर्ण मंडळींनी १२ डिसेंबर १९२७ ला दिवाणी कोर्टात दावा लावला. म्हणणं असं की, तळं आमचं आहे, वापरण्याचा हक्क फक्त आमचा, अस्पृश्यांना मनाई करा. दोन दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम मिळाला.

इथे बाबासाहेब काय करतात ते बघा. दहा हजारांच्या आसपास लोक महाडला जमलेले. लोक तळ्यावर जायला तयार. बाबासाहेबांनी मनुस्मृतीचं दहन केलं, पण मनाई हुकूम मोडला नाही. ज्या कायद्याने आम्हाला हक्क मिळवायचा आहे, त्याच्यापुढे आमची बाजू आम्ही मांडू, अशी भूमिका त्यांनी घेतली. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो तात्पुरता हुकूम उठला. मूळ दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला लागला, तोही सवर्णांच्या विरुद्ध. मग ते अपिलात गेले. त्या काळी कुलाबा जिल्ह्यातलं, म्हणजे आजच्या रायगडातलं, हे अपील ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आलं. साहाय्यक न्यायाधीश कैकिणी यांच्यापुढे ते चाललं आणि ३० जानेवारी १९३३ ला त्यांनी ते फेटाळलं.

आता लक्ष द्या, इथेच अपिलाच्या न्यायाधीशाचं काम दिसतं. महाडच्या कोर्टाने असं धरलं होतं की, अस्पृश्यांना पाणी न घेऊ देण्याची जुनी वहिवाट सिद्ध होते, पण त्या वहिवाटीने वादींना कायद्याचा हक्क मिळत नाही. म्हणजे निकाल आपल्या बाजूचा, पण त्यात एक काटा राहिला होता: वहिवाट खरी. ठाण्याच्या न्यायाधीशाला सरळ म्हणता आलं असतं, निकाल बरोबर आहे, अपील नामंजूर. दोन ओळींत काम झालं असतं. पण त्यांनी पुरावा पुन्हा तपासला, आणि ही रूढी अनादि काळापासून चालत आल्याचं वादींनी शाबीत केलेलं नाही, असा निष्कर्ष काढला. निकाल तोच राहिला, पण तळचा पाया बदलला. काटा निघाला.

सवर्ण मंडळी मुंबई उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलात गेली. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ ला निकाल दिला. तळं नगरपालिकेचं आहे हे तोपर्यंत मान्यच झालं होतं. मालकीचा दावा सुटला होता, उरली होती फक्त रूढी. न्यायमूर्तींनी तळं कसं आहे ते बघितलं. ते मोठं, उघडं, पावसाच्या पाण्याचं तळं. सभोवती रस्ते, त्यापलीकडे सवर्णांची घरं, काही मुसलमानांचीही. मुसलमान पाणी घेत होते. मग न्यायमूर्तींनी विचार केला की, ही घरं चहूबाजूंनी उभी राहण्यापूर्वी, या मोठ्या तळ्यावरून कोणाला हाकलण्याचा प्रयत्न कोणी केला असेल का? अलीकडची पद्धत जुन्या, वेगळ्या परिस्थितीतही तशीच होती असं गृहीत धरता येणार नाही. म्हणून ठाण्याच्या न्यायाधीशाचं मत बरोबर. अपील खर्चासह नामंजूर.

बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी घेतलं २० मार्च १९२७ ला. शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षांना तीन दिवस कमी! एका ओंजळीच्या पाण्यासाठी तीन कोर्टं आणि दहा वर्षं. आपण एक तारीख पडली की वैतागतो.

अजून एक गोष्ट या निकालात आहे, तीही सांगितली पाहिजे. उच्च न्यायालयाने असं म्हटलं नाही की, अस्पृश्यतेची रूढी अन्यायाची आहे म्हणून रद्द. रूढी शाबीतच झाली नाही, त्यामुळे ती वाजवी की गैरवाजवी हे बघायची गरज उरली नाही, असं त्यांनी म्हटलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. एवढे मोठे न्यायमूर्ती, चार शब्द आमच्यासाठी लिहिता येत नव्हते? पुढे समजलं की, अपिलाचा न्यायाधीश त्याच्यापुढे आलेल्या प्रश्नापुरतंच बोलतो. ती त्याची मर्यादा आहे. मोठा प्रश्न सोडवायला मोठं साधन लागतं. ते साधन बाबासाहेबांनी तेरा वर्षांनंतर दिलं. २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. कोर्टाने तळं दिलं, संविधानाने माणूसपण दिलं. दोन्हींची गरज होती.

आता धम्माकडे वळतो, कारण आपण विहारात बसलो आहोत. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी चार अगती सांगितल्या आहेत. माणूस ज्या चार वाटांनी चुकीच्या कृत्याकडे जातो त्या वाटा. छंद म्हणजे आवड, आसक्ती. दोस म्हणजे द्वेष. मोह म्हणजे अज्ञान. आणि भय. आता आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत उच्च न्यायालयाच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची शपथ आहे, ती काढून बघा. भय न बाळगता, पक्षपात न करता, कोणाबद्दल ममत्व किंवा आकस न ठेवता काम करीन, असा तिचा अर्थ आहे. भय तेच. ममत्व आणि पक्षपात म्हणजे छंद. आकस म्हणजे दोस. चारांपैकी तीन अगती शपथेत आल्या. मोह तेवढा राहिला, असं वाटेल. पण शपथेत योग्यतेने आणि ज्ञानाने काम करीन असंही आहे. अज्ञान घालवायचं तर वाचावं लागतं. न्यायाधीशाला दप्तर वाचावं लागतं. माझ्या वडिलांच्या पावत्या कोणी द्वेषाने वगळल्या असं मी म्हणत नाही. बहुधा त्या कोणी वाचल्याच नाहीत. त्यालाच मोह म्हणायचं.

चवदार तळ्याच्या अपिलांतले न्यायाधीश बघा. ठाण्याचे कैकिणी, मुंबईचे ब्रूमफील्ड इंग्रज, वाडिया पारशी. तिघांतला एकही आपल्या समाजातला नव्हता. याच ब्रूमफील्डसाहेबांनी १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती. म्हणजे ते कोणा चळवळीचे मित्र नव्हते. तरी तिघांनी पुरावा बघून निकाल दिला.

आणि आता काळ बदलला आहे. अमरावतीचे भूषण गवई १४ मे २०२५ रोजी भारताचे सरन्यायाधीश झाले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले. या पदावर बसलेले ते पहिले बौद्ध. आपल्या वस्तीत त्या दिवशी पेढे वाटले, मीही खाल्ले. पण तेव्हा एक तरुण मला म्हणाला, "काका, आता आपल्या केसेस आपल्यासारख्या लागतील." मी त्याला म्हटलं, बाळा, हे बोलू नकोस. आपला माणूस तिथे बसला म्हणून आपल्या बाजूचा निकाल मागणं हीच छंदाची अगती आहे. उद्या दुसऱ्याचा माणूस बसेल, मग तू कोणत्या तोंडाने न्याय मागणार? आपण मागायचं ते एवढंच की, आमचा कागद वाचा आणि कारण लिहा.

याचा अर्थ वरच्या कोर्टाचा प्रत्येक निकाल डोक्यावर घ्यायचा असा नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातले चार जण मारले गेले. आई, मुलगी, दोन मुलगे. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू होत नाही असं धरलं. अपील नागपूर खंडपीठापुढे गेलं. १४ जुलै २०१० ला फाशीची जागा पंचवीस वर्षांच्या कैदेने घेतली. ॲट्रॉसिटी तिथेही लागू झाली नाही. फाशी हवी की नको यावर आपल्यातच दोन मतं आहेत. मी स्वतः कोणाचा जीव घ्यायच्या बाजूचा नाही. पण जात बघून हे झालं, हे गावाला दिसत होतं आणि दोन्ही कोर्टांच्या निकालात उतरलं नाही, याचं दुःख आजही आहे. घडी खात्यातल्या माणसाच्या नजरेतून दोष सुटतो, तो असा.

त्याआधीचं एक उदाहरण सांगतो. १९७२ साली त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यात देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. नागपूरच्या उच्च न्यायालयाने अपिलात शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं, कारण मुलीने विरोध केल्याच्या खुणा नाहीत. तेव्हा कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. शिवीगाळ केली नाही. निकाल घेऊन, एकेक मुद्दा मांडून तो कुठे चुकला ते दाखवलं. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या अशा गुन्ह्यात संमती नव्हती असं स्त्रीने सांगितलं तर कोर्टाने तसंच धरून चालावं, अशी तरतूद झाली. सगळ्यात वरच्या कोर्टावर अपील नाही, पण लोकांच्या विवेकापुढे निकाल मांडता येतो. मात्र आधी तो वाचावा लागतो.

आता माझं स्वतःचं सांगतो आणि आटोपतं घेतो. आमची गिरणी बंद झाली तेव्हा ग्रॅच्युइटीचा हिशेब झाला. माझी पहिली सहा वर्षं बदलीची. ती सहाही वर्षं हिशेबातून उडवली. मी अर्ज केला. पहिल्या अधिकाऱ्याने नामंजूर केला. घरी आलो, निकाल टेबलावर ठेवला आणि मला वडिलांचं वाक्य ऐकू आलं, "आता काय बोलायचं." त्या क्षणी मी ठरवलं, मुदत जाऊ द्यायची नाही. साठ दिवस होते. चाळिसाव्या दिवशी अपील दाखल केलं.

अपील ऐकणारे काही हायकोर्टाचे न्यायमूर्ती नव्हते, साधे अधिकारी होते. पण काम न्यायाधीशाचंच. त्यांनी गिरणीकडून हजेरीपट मागवले. दोनदा आणले नाहीत, तिसऱ्यांदा आणायला लावले. माझ्याकडची तिकिटं आणि पगाराच्या चिठ्ठ्या त्याला लावून बघितल्या. मग निकाल वाचून दाखवला. सहापैकी चार वर्षांत २४० दिवस भरले होते, ती चार वर्षं धरली. एका वर्षी २०८ दिवस, एका वर्षी १९१. ती दोन गेली. ते म्हणाले, सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या बदली कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ठरवलं आहे, दिवस भरले नाहीत ते वर्ष मला धरता येत नाही. मला वाईट वाटलं. बदली कामगार रोज दरवाज्यावर उभा राहतो, काम मिळत नाही हा त्याचा गुन्हा आहे का? पण साहेबांच्या हातात कायदा तेवढाच होता आणि त्यांनी तो लपवला नाही. दोन वर्षं हरून मी बाहेर पडलो, तरी मान खाली घालून नाही. कोणीतरी माझे सहा वर्षांचे दिवस एकेक करून मोजले होते.

मायबाप हो, न्यायाधीशाच्या जबाबदाऱ्या सांगितल्या, आता आपल्या सांगतो. अपिलाचा न्यायाधीश कितीही चांगला असला तरी तुम्ही त्याच्या दारात गेलाच नाहीत तर तो काय करणार?

पहिली गोष्ट, निकाल लागला की त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा आणि नकलेसाठी अर्ज करा. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला साधारण तीस दिवस, उच्च न्यायालयात नव्वद दिवस. नक्कल मिळायला लागणारा वेळ मुदतीत धरत नाहीत, पण अर्ज तर केला पाहिजे. उशीर झालाच तर खरं कारण सांगून माफी मागता येते. मात्र ती मिळेलच असं धरून बसू नका.

दुसरी गोष्ट, कागद जपा. भाड्याची पावती, पगाराची चिठ्ठी, वीजबिल, दवाखान्याचा कागद. अपिलाचा न्यायाधीश कागद बघतो, आणि जो कागद खालच्या कोर्टात गेला नाही तो वर सहसा घेत नाहीत. म्हणून पहिल्याच दिवशी सगळं द्या.

तिसरी गोष्ट, पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जाती-जमातीचे लोक, स्त्रिया, मुलं, औद्योगिक कामगार, कोठडीतले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. अपिलासाठीही मिळतो. ठाण्याला जिल्हा न्यायालयात त्याचं कार्यालय आहे. दिव्याहून तिसरं स्टेशन!

चौथी गोष्ट, ॲट्रॉसिटीच्या खटल्याची. कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. विशेष न्यायालयाच्या निकालावर नव्वद दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं आणि अपील दाखल करून घेतल्यापासून शक्यतो तीन महिन्यांत ते निकाली काढावं असं कायदा म्हणतो. आरोपीच्या जामिनाच्या वेळीसुद्धा पीडिताचं ऐकून घ्यावं लागतं. फौजदारी खटल्यात आरोपी सुटला तर पूर्वी फक्त सरकार अपील करू शकत होतं. आता पीडितालाही तो हक्क आहे. सरकारी वकील गप्प बसला म्हणून आपण गप्प बसायची गरज नाही.

आणि पाचवी गोष्ट, खोटं अपील करू नका. भावाला छळायला, भाडेकरूला दमवायला, सुनेला पोटगी मिळू नये म्हणून तारखा लांबवायला अपील नको. आपल्यातही असे लोक आहेत, हे विहारात बसून कबूल केलं पाहिजे. महाडच्या सवर्णांनी दहा वर्षं तेच केलं.

माझी समितीला विनंती आहे. रविवारी वंदना झाल्यावर एक तास विहारात टेबल टाकू. ज्याच्याकडे कोर्टाचा कागद आला असेल त्याने आणावा. कायदा शिकणारी आपली दोन-तीन मुलं-मुली आहेत, ती वाचून सांगतील. सल्ला देण्यासाठी नव्हे, तो वकील देईल. फक्त दोनच गोष्टी सांगण्यासाठी. यात काय लिहिलंय, आणि मुदत कधी संपते. माझ्या वडिलांना त्या वेळी कोणी एवढंच सांगितलं असतं तरी पुरे होतं.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली. तो निकाल आणि त्या पावत्या अजून माझ्याकडे आहेत. मुदत केव्हाच संपली, पण फेकवत नाहीत. ते टेबल सुरू झालं की पहिल्या रविवारी मी ते कागद घेऊन येईन. निकाल कसा वाचायचा हे मुलांना त्यावरच शिकवता येईल.

 

भवतु सब्ब मंगलं. जय भीम, नमो बुद्धाय!